हाफ क्लचवर कमीत कमी वेळ: गाडी शिकताना क्लच प्लेट कशी वाचवायची

मॅन्युअल गियरची गाडी शिकताना बहुतेकांना एकच धास्ती असते: गाडी बंद पडेल. सिग्नलला मागून हॉर्न वाजतील, चढावर गाडी मागे घसरेल, शेजारी बसलेले काका ओरडतील. या धास्तीपोटी शिकणारा रेस जास्त देतो, क्लच अर्धवट धरून ठेवतो आणि गाडी कशीबशी पुढे काढतो. गाडी बंद पडत नाही, पण क्लच प्लेट जळते. म्हणून पहिल्याच दिवशी हे मनाशी पक्कं करा: इंजिन बंद पडल्याने क्लच प्लेटला जवळजवळ काहीच होत नाही. ते बंद पडू नये म्हणून दिलेली रेस आणि लांबवलेला हाफ क्लच, हे दोन मिळून प्लेट खातात. मोकळ्या मैदानात गाडी वीस वेळा बंद पडली तरी खुशाल पडू द्या. चावी फिरवा आणि पुन्हा सुरुवात करा.

आत काय घडतं

इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील हे जड लोखंडी चाक असतं. त्यावर बोल्टने प्रेशर प्लेट बसवलेली असते आणि दोघांच्या मध्ये क्लच प्लेट असते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट इंजिनाबरोबर फिरतात, क्लच प्लेट गियरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेली असते. पेडल पूर्ण सोडलेलं असताना डायफ्राम स्प्रिंग क्लच प्लेटला घट्ट चेपून धरते आणि सगळं एकाच वेगाने फिरतं. घासायला काही उरतच नाही. पेडल पूर्ण दाबलं की रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या पाकळ्या आत ढकलतं आणि प्लेट मोकळी होते. तेव्हाही प्लेट घासत नाही. झीज होते ती या दोन अवस्थांच्या मधे, जेव्हा प्लेट टेकलेली असते पण इंजिनाचा आणि तिचा वेग अजून जुळलेला नसतो. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो.

गाडी जागची हलवायला हाफ क्लच लागतोच, तो टाळता येत नाही. आपल्या हातात आहे ते तो किती वेळ चालतो आणि त्या वेळी इंजिन किती जोरात फिरत असतं. नवीन प्लेटवर लायनिंग म्हणजे घासण्यासाठीचा थर रिव्हेटनी (धातूच्या खिळ्यांनी) बसवलेला असतो. त्याच्या पृष्ठभागापासून आतल्या रिव्हेटच्या डोक्यापर्यंत जेमतेम एक ते दीड मिलिमीटर अंतर असतं. तेवढं लायनिंग संपलं की रिव्हेट फ्लायव्हीलला घासू लागतात. प्लेटच्या सगळ्या आयुष्यासाठी एवढीच शिल्लक हाताशी असते.

थोडं गणित करून पाहू. सपाट रस्त्यावर जागची गाडी हलवताना इंजिन एका ठराविक आरपीएमवर (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) धरलं, तर क्लचमध्ये तयार होणारी उष्णता त्या आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२०० ऐवजी २४०० आरपीएमवर क्लच सोडला तर उष्णता दुप्पट नाही, साधारण चौपट होते. दुसऱ्या गियरमध्ये गाडी उचलली तर पहिल्या गियरच्या तिपटीहून अधिक उष्णता तयार होते, कारण वेग जुळेपर्यंत गाडीला जवळजवळ दुप्पट वेग गाठावा लागतो. गाडी पूर्ण थांबली असेल तर पहिलाच गियर, हा नियम त्यामुळेच आहे. ‘दुसऱ्यावर पण उचलते की’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. उचलते, पण त्याची किंमत प्लेट मोजते.

आणि ही उष्णता जायला जागा कमी असते. ब्रेकची डिस्क चाकापाशी वाऱ्यावर असते. क्लच मात्र गियरबॉक्सच्या बंद आवरणात असतो. एकदा तापला की लवकर निवत नाही.

बसायची जागा, पाय आणि पायाखालची मॅट

सीट इतकी पुढे घ्या की डाव्या पायाने क्लच अगदी तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. गुडघा ताठ होत असेल तर तुम्ही क्लच पूर्ण दाबत नाही आहात. अर्धवट दाबलेल्या क्लचवर गियर खरखरत पडतो आणि त्यात गियरबॉक्सचंही नुकसान होतं. पाय दाबताना टाच उचलली तरी चालेल, पण सोडताना हाफ क्लचच्या आसपास टाच जमिनीला टेकलेली असू द्या. घोट्यातून पाय हलवला तर बारीक नियंत्रण मिळतं. सगळा पाय हवेत धरला तर थोड्या वेळाने मांडी थरथरते आणि क्लच झटक्याने सुटतो. ज्यांची टाच टेकत नाही त्यांनी सीटची उंची जमत असल्यास बदलून पाहावी.

जाड सोलचे बूट आणि सैल चपला टाळा. पातळ, सपाट तळाचा, टाचेला पक्का बसणारा बूट सगळ्यात चांगला. आणि मॅट तपासा. कंपनीच्या मॅटवर दुकानातून आणलेली दुसरी जाड मॅट टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. ती सरकून क्लचच्या पेडलखाली आली की पेडल तळाला पोचत नाही, प्लेट पूर्ण मोकळी होत नाही आणि दर वेळी गियर टाकताना प्लेट घासते. एकच मॅट ठेवा, तीही हुकात अडकवलेली.

डाव्या पायासाठी क्लचच्या डाव्या बाजूला जागा असते. काही गाड्यांत तिथे पाय ठेवायला वेगळी पट्टीही दिलेली असते. गियर बदलून झाला की पाय तिथेच गेला पाहिजे, नुसता क्लचवर टेकवून ठेवायचा नाही. पायाच्या नुसत्या वजनाने रिलीज बेअरिंग स्प्रिंगला टेकून फिरत राहतं. दाब जरा वाढला तर प्लेटवरची पकडही सैल होते आणि गाडी वेगात असताना ती घसरू लागते. हायवेवर तासभर असं चालवलं तर काय होत असेल, याचा विचार करा.

पहिला धडा: रेस न देता गाडी हलवणं

शिकाऊ परवाना हातात आल्यावर, गाडीच्या पुढे-मागे लाल एल लावून आणि शेजारी पक्का परवाना असलेला माणूस बसवून, सपाट मोकळी जागा गाठा. एखादं मैदान, रहदारी सुरू न झालेला नवा डीपी रोड किंवा सुट्टीच्या दिवशी सामसूम असणारा एमआयडीसीतला रस्ता, काहीही चालेल. जमीन खरंच सपाट हवी. शेजारच्या माणसाला हँडब्रेक ओढता आला पाहिजे. एसी सुरुवातीला बंद ठेवा. लहान पेट्रोल इंजिनाच्या कमी आरपीएमवरच्या ताकदीतला काही भाग कॉम्प्रेसर घेतो.

आताच्या इंधन इंजेक्शनच्या गाड्यांत इंजिनाचा संगणक आयडल आरपीएम (रेस न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो) घसरू लागला की स्वतःच थोडं इंधन वाढवतो. त्यामुळे सपाट जागी रेसला पायही न लावता गाडी हलवता येते, आणि क्लचची ओळख करून घ्यायला याहून चांगला मार्ग नाही. उजवा पाय ब्रेकवर, क्लच तळापर्यंत, पहिला गियर. ब्रेक सोडा. आता क्लच अगदी सावकाश वर येऊ द्या. काही अंतर काहीच होणार नाही. मग एका ठिकाणी इंजिनाचा आवाज खाली बसेल, आरपीएमचा काटा किंचित घसरेल, स्टीअरिंगला बारीक कंप जाणवेल. पकड तिथे सुरू होते. पाय तिथेच थबकवा. गाडी सरकू लागेल. ती साधारण एक-दोन मीटर गेली की उरलेला क्लच सावकाश पूर्ण सोडा. रेस न देता गाडी ताशी सहा-सात किलोमीटरने आपली आपण चालत राहील. मग क्लच आणि ब्रेक दाबून थांबा आणि पुन्हा करा.

यात नेहमी चुकतं ते दोन जागी. एक तर गाडी हलल्याच्या आनंदात पाय एकदम उचलला जातो आणि गाडी दोन हिसके देऊन बंद पडते. किंवा गाडी चालू लागली तरी क्लच धरूनच ठेवला जातो. पहिली चूक डोळ्यांना दिसते म्हणून सगळे तीच सुधारतात. प्लेटला महाग पडते ती दुसरी. शेजारी बसलेल्याने ‘हळू सोड, हळू सोड’ इतकंच न सांगता, गाडी हलल्यावर ‘आता पूर्ण सोड’ हेही तितक्याच आठवणीने सांगावं.

सात-आठ वेळा झाल्यावर गाडी न्यूट्रलला टाका, क्लच सोडा आणि इंजिन दोन-तीन मिनिटं तसंच चालू द्या. क्लच सोडलेला असला की फ्लायव्हीलबरोबर प्लेटही फिरते आणि उष्णता थोडी बाहेर पडते. जळक्या ब्रेकसारखा वास आला तर सराव थांबवा आणि दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या. तो वास म्हणजे लायनिंगमधलं रेझिन तापून जळत असतं. एकदा वास आला म्हणून प्लेट बदलायची गरज नसते. पण तापलेल्या क्लचवर तसाच सराव चालू ठेवला तर लायनिंगचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत होतो आणि नंतर गाडी उचलताना थरथरते.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथल्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. गाडी बंद पडू नये म्हणून तो हळूच आपला क्लच दाबतो आणि तुम्हाला वाटतं की आपल्याला जमलं. मोकळ्या जागी त्याला सरळ विनंती करा: ‘सर, आज क्लचला तुम्ही पाय लावू नका.’ चांगला प्रशिक्षक आनंदाने ऐकेल.

हे दहापैकी नऊ वेळा जमू लागलं की रेस जोडा. आरपीएम १२०० ते १५०० पर्यंत न्या, तिथेच धरा, क्लच पकडीपर्यंत आणा, गाडी हलताच एक-दोन सेकंदांत पूर्ण सोडा. आरपीएमचा काटा नसेल तर कानाने ओळखा: इंजिन गुणगुणायला हवं, ओरडायला नको. काटा २००० च्या वर जात असेल तर पुन्हा रेसशिवायच्या सरावाकडे वळा. डिझेल गाडीला कमी आरपीएमवर ताकद जास्त असते, तिला सपाट जागी रेस जवळजवळ लागतच नाही.

गियर बदलताना

चालत्या गाडीत गियर वर टाकताना क्लचला फारसं काम नसतं, फक्त क्रम सांभाळायचा. रेसवरून पाय काढा, क्लच पूर्ण दाबा, गियर टाका, क्लच सोडा, मग रेस द्या. आधी रेस आणि मग क्लच सोडणं असं उलटं झालं की इंजिन हुंकारतं, तो हुंकार म्हणजे घासलेली प्लेट. लहान पेट्रोल गाडीला ताशी १५ किमीच्या आसपास दुसरा, २५ ते ३० ला तिसरा, ४० ला चौथा आणि ५५ ते ६० ला पाचवा, एवढा अंदाज सुरुवातीला पुरे. पुढे कानच सांगू लागतात.

खालचा गियर टाकताना आधी ब्रेकने वेग कमी करा. ताशी ६० ला तिसऱ्यातून दुसरा टाकून क्लच सोडला, तर इंजिनाला एकदम वर खेचायचं काम प्लेटवर येतं आणि गाडीलाही धक्का बसतो. वेग उतरल्यावर तोच गियर मऊपणे बसतो. स्पीडब्रेकरचंही तसंच. अर्धा क्लच दाबून त्यावरून गाडी तरंगवत नेण्याची सवय अनेकांना असते. त्याऐवजी आधीच ब्रेक लावा, दुसरा गियर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि मग स्पीडब्रेकर ओलांडा. वेग ताशी दहाच्या खाली गेला असेल तर पहिला गियर.

थांबताना आधी ब्रेक. क्लच अगदी शेवटी, आरपीएम आयडलजवळ आल्यावर. शंभर फूट आधीपासून क्लच दाबून गाडी वाहू देण्यात क्लचचाही फायदा नाही आणि इंजिनाच्या रोधाचाही (रेस सोडल्यावर गियरमधलं इंजिन गाडीला आवरतं त्याचा) फायदा हातचा जातो.

सिग्नल आणि रांग

सिग्नलला काही सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल, हँडब्रेक, आणि डावा पाय क्लचवरून पूर्ण बाजूला. पहिला गियर टाकून, क्लच दाबून दीड मिनिट बसलात तर प्लेट घासत नाही, पण रिलीज बेअरिंग सगळा वेळ दाबाखाली फिरत असतं. बेअरिंग स्वस्त असतं, पण ते बदलायला गियरबॉक्स उतरवावाच लागतो. जिथे सिग्नलवर आकडे उलटे मोजले जातात तिथे पाच उरल्यावर पहिला गियर टाकायला पुरेसा वेळ मिळतो.

शहरातली संध्याकाळची रांग हीच क्लचची खरी परीक्षा. पुढची गाडी दोन फूट सरकली की आपणही दोन फूट सरकायचं, असं केलं की दर दोन फुटांना एक हाफ क्लच. तेवढ्या अंतरात क्लच कधी पूर्ण सुटतच नाही. त्याऐवजी पुढे एक-दीड गाडीची जागा होऊ द्या, मग निघा, क्लच पूर्ण सोडा आणि रेस न देता पहिल्या गियरवर गाडीला आपल्या चालीने चालू द्या. त्या जागेत दुचाक्या शिरतील, रिक्षाही शिरेल. शिरू द्या. तुम्ही पोचणार त्याच वेळेला, पण क्लच निम्म्याहून कमी वेळा वापरून.

चढ: इथेच बहुतेक प्लेटा जातात

चढावर गाडी ब्रेक न लावता नुसत्या क्लच आणि रेसवर तोलून धरणं दिसायला कौशल्याचं दिसतं आणि अनेकांना त्याचा अभिमानही असतो. ही सवय मुळातच लावून घेऊ नका. माणसांसह ११०० किलोची छोटी गाडी, दहा मीटरला एक मीटर चढणारा रस्ता आणि १५०० आरपीएम धरले, तर क्लचमध्ये तीन किलोवॅटहून अधिक उष्णता तयार होत राहते. म्हणजे न्हाणीघरातला झटपट पाणी तापवणारा गिझर त्या बंद आवरणात सुरू ठेवल्यासारखं. गाडी तसूभर पुढे जात नाही, इंजिनाची त्या वेळची सगळी ताकद प्लेट तापवण्यात जाते. अर्धा मिनिट असं धरलं तर वास येणारच.

बरोबर पद्धत हँडब्रेकची, आणि तिचा क्रम असा. गाडी थांबली की हँडब्रेक पूर्ण ओढा, न्यूट्रल करा, पाय मोकळे. निघायची वेळ आली की क्लच दाबून पहिला गियर टाका. हँडब्रेकचं बटण दाबून धरा, पण दांडा अजून खाली सोडू नका. रेस १५०० च्या आसपास न्या आणि तिथेच धरा. क्लच पकडीपर्यंत वर आणा. आवाज खाली बसेल आणि गाडीचं नाक किंचित वर उठेल. ही खूण पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. नाक उठलं की पाय जिथे आहेत तिथेच ठेवून हँडब्रेक खाली सोडा. गाडी जागेवर उभी राहील किंवा पुढे सरकेल. आता रेस थोडी वाढवा आणि एक-दोन सेकंदांत क्लच पूर्ण सोडा.

गाडी मागे सरकलीच तर रेस वाढवून तिला सावरायचा मोह होतो. तो आवरा. क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबा, हँडब्रेक ओढा, पहिल्यापासून सुरू करा. मागे घसरणाऱ्या गाडीला क्लचने रोखताना प्लेटला उलट्या दिशेचा सगळा भार एका दमात झेलावा लागतो.

हिल असिस्ट असलेल्या गाडीत ब्रेकवरून पाय काढल्यावर दोन-तीन सेकंद ब्रेक धरलेला राहतो. ती सोय चांगली आहे, पण हँडब्रेकची पद्धत आधी शिका. भर घाटात, पाच माणसं आणि सामान भरलेलं असताना, ते दोन सेकंद फार लवकर संपतात.

कुंभार्ली, आंबोली किंवा वरंधसारख्या घाटात एसटी किंवा भरलेल्या ट्रकच्या मागे अडकलात तर त्याच्या शेपटीला चिकटू नका. दोन-तीन गाड्यांचं अंतर राखलंत तर तो रखडला तरी तुम्हाला दर वेळी थांबावं लागत नाही, आणि तो थोडा मागे घसरला तरी जागा राहते. केसाच्या पिनेसारख्या वळणावर वेग इतका उतरतो की दुसऱ्या गियरमध्ये इंजिन धडधडू लागतं. शिकाऊ चालक इथे दुसऱ्यावरच राहतो, क्लच अर्धा दाबतो आणि रेस देऊन गाडी ओढतो. घाटातला जळका वास बहुधा इथूनच सुरू होतो. वळणाच्या आधीच, गाडी जवळजवळ चालण्याच्या वेगावर आली की, पहिला गियर टाका आणि क्लच पूर्ण सोडून वळण घ्या.

उतारावर उलट प्रश्न असतो. इंजिनाच्या रोधावर गाडी उतरवली तर क्लच झिजतो असा समज आहे, तो खोटा. क्लच पूर्ण सोडलेला असताना प्लेट घासतच नाही. ज्या गियरने घाट चढलात साधारण त्याच गियरने उतरा, पाय क्लचपासून दूर ठेवा आणि न्यूट्रलला तर मुळीच टाकू नका.

सोसायटीच्या तळघरातला पार्किंगचा रॅम्प हा रोजचा घाटच, बरेचदा घाटरस्त्याहून उभा. वरून कोणी येतंय का, गेट उघडं आहे का, हे खाली सपाट जागेवरच थांबून पाहा. मग पहिल्या गियरवर, क्लच पूर्ण सोडून, एका दमात वर या. मधेच थांबून वॉचमनने गेट उघडायची वाट पाहणं म्हणजे रोज सकाळी प्लेट तापवणं. रॅम्पवरून मागे-मागे गाडी चढवायची वेळ शक्यतो येऊच देऊ नका. रिव्हर्समध्ये इतक्या सावकाश जावं लागतं की क्लच पूर्ण सोडताच येत नाही. खाली पोचल्यावर गाडी आपल्या जागेत रिव्हर्सने लावा, म्हणजे निघताना नाक पुढे असेल.

एएमटी गाडी (जिच्यात क्लच आणि गियर यंत्रणा आपोआप हाताळते) असेल तर क्लचचं पेडल नसतं, पण आत क्लच प्लेट असतेच. चढावर रेसवर गाडी तोलून धरली तर तीही तशीच जळते. तिथेही ब्रेक किंवा हँडब्रेकच वापरा.

वाळू आणि चिखल

कोकणात समुद्राच्या वाळूत गाडी नेऊन अडकवणारे दर सुट्टीत दिसतात. पुळणीवर गाडी नेऊच नका, अनेक ठिकाणी त्याला मनाईही आहे. पण पावसाळ्यात शेताच्या कडेला किंवा कच्च्या रस्त्यावर चाक रुतणं कोणाच्याही वाट्याला येऊ शकतं. अशा वेळी रेस देऊन हाफ क्लचवर गाडी पुढे-मागे झुलवत राहिलात तर नवी प्लेटही अर्ध्या तासात संपू शकते. दोन-तीन प्रयत्नांत निघाली नाही तर थांबा. चाकापुढचा चिखल उकरा, दगड, फळी किंवा मॅट चाकाखाली घाला, पुढच्या चाकांतली हवा थोडी कमी करा, माणसं उतरवा आणि ढकला. नाहीतर ट्रॅक्टर बोलवा. ट्रॅक्टरवाल्याला दिलेले पैसे प्लेटच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

क्लच काय सांगतोय

चौथ्या गियरमध्ये ताशी ४०-५० ने जाताना मोकळ्या सपाट रस्त्यावर रेस पूर्ण दाबून पाहा. आरपीएम चढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, तर क्लच घसरतोय. आधी हे फक्त चढावर आणि वरच्या गियरमध्ये जाणवतं, नंतर सगळीकडे. पण याचं कारण नेहमी झिजलेली प्लेटच असेल असं नाही. केबलच्या क्लचला पेडलमध्ये थोडा मोकळा खेळ (सुरुवातीचं, क्लचवर जोर न येणारं अंतर) असावा लागतो, बऱ्याच गाड्यांत एक ते अडीच सेंटिमीटर. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो. तो खेळ संपला असेल तर प्लेट चांगली असूनही घसरते. केबल जुळवणं पाच मिनिटांचं काम, म्हणून गियरबॉक्स उतरवण्याआधी ते करून घ्या.

गियर जड पडतो, रिव्हर्स टाकताना खरखर होते, तर उलटं घडतंय: पेडल दाबूनही प्लेट पूर्ण मोकळी होत नाही. केबलची गाडी असेल तर केबल सैल झालेली असू शकते. हायड्रॉलिक क्लच असेल तर द्रव कमी झालाय का किंवा पाइपमध्ये हवा शिरलीय का ते पाहा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचा द्रव एकाच डब्यात असतो. पातळी घसरली असेल तर गळती शोधल्याशिवाय गाडी चालवू नका.

आवाजावरूनही कळतं. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होते आणि सोडल्यावर थांबते, तर बहुधा रिलीज बेअरिंग. सोडलेल्या क्लचवर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गियरबॉक्समधलं बेअरिंग तपासायला सांगा. पेडल पूर्वीपेक्षा जड झालं असेल तर केबल सुकलेली असते किंवा प्रेशर प्लेट थकलेली.

बदलायची वेळ आलीच तर

नीट चालवलेल्या गाडीची प्लेट लाखभर किलोमीटरही टिकू शकते. नुसती प्लेट बदलून पैसे वाचवायला जाऊ नका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा तिन्हींचा सेट एकदम टाका, कारण गियरबॉक्स उतरवायची मजुरी तेवढीच लागते. गियरबॉक्स खाली असताना स्वतः जाऊन फ्लायव्हील पाहा. त्यावर निळसर डाग किंवा बारीक चिरा असतील तर त्याचं काय करायचं ते तिथेच ठरवा. जळालेल्या फ्लायव्हीलवर बसवलेली नवी प्लेट पहिल्याच दिवसापासून थरथरते. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल पाझरत असेल तर सीलही त्याच वेळी बदला. तेलाने माखलेली प्लेट कितीही नवी असली तरी घसरते. जुनी प्लेट मागून घ्या आणि रिव्हेटपर्यंतची खोली बघा. लायनिंग भरपूर शिल्लक असूनही पृष्ठभाग काळा आणि चकचकीत असेल तर ती झिजून गेली नाही, तापून गेली आहे.

नवी प्लेट बसल्यावर पहिले चार-पाचशे किलोमीटर लायनिंग फ्लायव्हीलवर बसायला लागतात. तेवढ्या काळात भरलेल्या गाडीने घाट टाळा, दुसरी गाडी ओढू नका आणि जोरात रेस देऊन निघू नका. पकडीची जागा जुन्या प्लेटपेक्षा वेगळी लागेल. त्यामुळे गॅरेजमधून गाडी घेतली की घरी निघण्याआधी एखाद्या सपाट जागी रेसशिवायचा पहिला धडा पाच-सहा वेळा करून घ्या.